पहिला कोस आपल्या चाकावर

(कापूस-ज्वारीच्या मुलखातून आलेल्या शेतकऱ्यांसमोर कशेळी, ता. भिवंडी येथे केलेले भाषण)



ठाण्याहून येताना खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी. इथून काल्हेर, पूर्ण्यापर्यंत गोदामांची रांग तुम्ही आज पाहिली. ही गोदामे इथे का वाढली? मुंबईच्या जकातीमुळे. नाक्याबाहेर माल उतरवायचा आणि गिऱ्हाईक मिळेल तसा थोडा थोडा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामे मात्र राहिली. व्यापाऱ्याला दोन गोष्टी साधतात : माल थांबवणे आणि लागेल तेवढाच हलवणे.

आपल्याला दोन्ही साधत नाही. उधारीवाला दारात, म्हणून कापूस थांबत नाही. पन्नास किलोसाठी टेम्पो परवडत नाही. मग दारात येईल त्याच्याच काट्यावर माल घालायचा. भाव त्याचा, वजन त्याचे, ओलाव्याची कटतीही त्याचीच. थांबण्याची ताकद रास्त भावाशिवाय येणार नाही. ती लढाई चालूच आहे. थोडा माल हलवण्याची ताकद मात्र या हंगामातही येऊ शकते. मजबूत कॅरिअरची साधी सायकल पुरे.

हसू नका. मुंबईत दूध, पाव आणि जेवणाचे डबे सायकलीने पोचत आले आहेत. झारखंडात माणसे दोन-दोन क्विंटल कोळसा सायकलीवर लादून ढकलत नेतात. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामच्या शेतकऱ्यांनी हजारो सायकलींवरून रसद पोचवली. हँडलला बांबू बांधून तो लांब केला, सीटमागे दुसरा बांबू उभा केला आणि सायकल हाताने ढकलली. ओझे वाहायचे तर सायकलीवर बसायचे नाही, हे त्यातले मर्म. ओझे दोन्ही बाजूंना सारखे आणि जमिनीलगत ठेवायचे, दूधवाल्याच्या कॅनसारखे.

आता हिशोब मांडा. दिवसाची वेचणी ऐंशी किलो आणि शेत घरापासून एक किलोमीटर. डोक्यावर वीस किलोचे गाठोडे, म्हणजे चार खेपा आणि आठ किलोमीटर चाल. ढकललेल्या सायकलीला एक खेप, दोन किलोमीटर. आपण उत्पादन खर्च काढतो तेव्हा बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी धरतो. मायबहिणींच्या डोक्यावरच्या या ओझ्याची मजुरी कोण धरतो? कडबा, सरपण, पाणी, दळण, सगळे त्याच डोक्यावर.

म्हणून सायकल बाईच्या हाती हवी. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर बाया, गावच्या नर्सबाई, सगळ्याच. बाजाराला, कामाला, सभेला जाण्यासाठी कोणाची वाट पाहण्याची गरज त्यांना उरली नाही.

सायकलीने सगळे होणार नाही. पावसात काळ्या रानात चिखल चाकात बसतो आणि सायकलच माणसावर बसते. दहा क्विंटल कापूसही ती नेणार नाही. पण वेचणीच्या दिवसांत रान वाळलेले असते. चार घरांनी एक सायकल घ्यावी, आपापला कापूस रस्त्यावरच्या एका घरी जमवावा आणि टेम्पो भरला की मिळून केंद्रावर न्यावा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो आठ टक्के ओलाव्याला. बारा टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर केंद्र माल घेत नाही. म्हणून दव उतरल्यावर वेचा, वाळवा, मगच भरा. ज्वारीचे पन्नास किलो आठवडी बाजारात स्वतः न्या. भाव पटला नाही तर परत आणा. परत आणता येते हे समोरच्याला कळले की त्याची भाषा बदलते.

गावी गेल्यावर तीन कामे करा. चार घरांचा गट बांधा. गटात एक काटा आपला ठेवा. आणि बुजलेल्या पाणंदी मोकळ्या करण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या. वाट नसेल तर चाक काय कामाचे? पुढच्या जिल्हा बैठकीत प्रत्येक गावाने किती खेपा केल्या आणि किती माल दारातल्या काट्यावरून वाचवला, ते सांगायचे आहे. हिशोब वहीत लिहून आणा.