हे खरे आहे काय?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता आम्ही दवाखान्यावर बोलणार आहोत. शेतकऱ्यांच्या बैठकीत दवाखाना कशाला, असे काही चेहऱ्यांवर दिसते आहे. आधी हिशेब मांडू, मग ठरवा.

२०१७-१८ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या लोकांनी देशभर घरोघर जाऊन विचारले, की घरचे माणूस दवाखान्यात भरती झाले तेव्हा किती पैसे लागले. बाळंतपणे सोडून खेड्यातल्या माणसाला खाजगी दवाखान्यात एका भरतीमागे सरासरी २७,३४७ रुपये लागले. सरकारी दवाखान्यात ४,२९० रुपये. हा खर्च औषधे, तपासण्या, डॉक्टरची फी, खाटेचे भाडे एवढ्यापुरता. जीपचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी त्यात नाही.

त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,३२० रुपये. आता करा भागाकार. खाजगीत एकदा भरती म्हणजे सव्वासहा क्विंटलच्या वर कापूस. कोरडवाहूत एकरी तीन-चार क्विंटल आला तर आपण बरे साल म्हणतो. म्हणजे दीड-दोन एकरांचे सगळे पीक, बी-खताचा खर्च वजा न करता, एका आजारपणात गेले. आणि ते साल गुलाबी बोंडअळीचे होते, हे तुम्हाला सांगायला नको. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीचा हमीभाव १,७०० होता. सोळा क्विंटल ज्वारी. तो भाव बाजारात ज्याला मिळाला असेल त्याचा आपण इथे सत्कार करू.

सरकारी दवाखान्याचा आकडा पुन्हा बघा. ज्याला लोक फुकट म्हणतात तिथेही एक क्विंटल कापूस जातो. चिठ्ठी आतली, औषध बाहेरचे. सोनोग्राफी बाहेर, रक्ताची तपासणी बाहेर. दवाखाना सरकारी आणि पावत्या सगळ्या फाटकासमोरच्या दुकानाच्या.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा पिकाचा उत्पादनखर्च काढायला शिकलो. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, अवजारांची झीज, जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज. घरच्या माणसांच्या कष्टाचीही मजुरी धरतात. बैलाच्या चाऱ्या-ढेपेचा आणि घसाऱ्याचा रकाना आहे. बैल हाकणाऱ्या माणसाच्या दवाखान्याचा रकाना कुठेच नाही. हमीभाव ठरवताना जे धरत नाहीत, ते शेवटी शेतकऱ्याने स्वतःच्या मालातून भरायचे. सावकाराकडे जाणाऱ्या माणसाला कारण विचारा. बियाण्याचे नाव तो आधी सांगेल, पण खोदून विचारले तर बापाच्या ऑपरेशनवर गाडी येते.

मग प्रश्न येतो, हा जाब कुणाला विचारायचा? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या विषयांची यादी आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने सहाव्या क्रमांकावर, शेती चौदाव्या. पैसा दिल्लीतूनही येतो, धोरणही तिथे ठरते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के होईल. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात तो १.८४ टक्के होता, आणि ते कोरोनाचे दिवस होते. त्याच धोरणात राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असेही म्हटले होते. पण तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही याचे उत्तर द्यायला बांधलेला आहे तो राज्याचा मंत्री. आणि त्याला उभे करून विचारण्याचा हक्क आहे तो तुम्ही निवडून दिलेल्या आमदाराला.

आमदार म्हटले की आपण लग्न, सभामंडप आणि बदलीचे पत्र एवढेच मागतो. त्याचे खरे हत्यार आपण कधी वापरायला लावत नाही. विधिमंडळात तारांकित प्रश्न असतो. त्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित असेल तर लेखी उत्तर येते. तातडीचे काही असेल तर लक्षवेधी सूचना असते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. अंदाजपत्रकाच्या मागण्या येतात तेव्हा कपात सूचना देता येते. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला की त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे.

प्रश्नाची भाषा ठरलेली आहे. अमुक ठिकाणी अमुक घडले, "हे खरे आहे काय?" मग "असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय?" आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तराचीही भाषा ठरलेली. "हे खरे नाही." "हे अंशतः खरे आहे." आणि आमचे सर्वांत लाडके, "प्रश्न उद्भवत नाही." पहिल्या भागाला "खरे नाही" म्हटले की खालच्या सगळ्या भागांना हे एकच उत्तर पुरते. गावात बाई रक्तस्रावाने गेली, रुग्णवाहिका आली नाही, आणि मुंबईत प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो कधी? कागद हातात असतो तेव्हा. याचे एक उदाहरण सांगतो, कारण नव्या मुलांना ते माहीत नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरॉल हे औषध दिले होते. ते औषधी दर्जाचे नव्हते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. त्याने मूत्रपिंडे निकामी झाली. रोग्याला त्याच्या रोगाने मारले नाही, औषधाने मारले. मृणाल गोरे तेव्हा विधानसभेत होत्या. ज्यांना मुंबईचे लोक पाणीवाली बाई म्हणत, त्याच. त्यांनी हे प्रकरण लावून धरले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. खरेदी कशी होते, दर्जा कोण तपासतो, परवाने कसे मिळतात, ही सगळी उतरंड त्या आयोगाने फोडली. अहवाल आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना खुर्ची सोडावी लागली. मोर्चे त्याही काळी निघत होते. पण मंत्र्याला घरी पाठवणाऱ्या त्या कामात बॅचचे कागद, खरेदीच्या नोंदी आणि साक्षी होत्या.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. बोगस बियाणे लागले तर आपण काय करतो? पिशवी ठेवतो, लेबल ठेवतो, पावती ठेवतो आणि तालुक्याच्या समितीकडे अर्ज देतो. लॉट नंबर नसेल तर कंपनीचा माणूस हसून निघून जातो, हे आपण शिकलो आहोत. दवाखान्याचे कागद मात्र आपण माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांसोबत टाकून देतो, बरा झाला तर चुलीत घालतो.

आता आजचा मामला. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. निर्णय चांगला आहे, आम्ही तो चांगलाच म्हणतो. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या विभागाखाली येत नाहीत. ती वैद्यकीय शिक्षण विभागाची, आणि तो निर्णय त्यांना लागू नव्हता. यवतमाळ, अकोला, नांदेड इथे मोठा आजार झाला की माणूस जातो कुठे? त्या महाविद्यालयाच्याच रुग्णालयात. शेतकऱ्याला दोन्ही सरकारीच दिसतात, मंत्रालयात मात्र मधे भिंत आहे. एका मंत्र्याला विचारले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून प्रश्न कोणत्या विभागाला आहे हे आमदाराला आपणच लिहून द्यायचे.

त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले. त्यांत १२ तान्ही बाळे होती. औषधे नव्हती, माणसे कमी होती, असे आरोप झाले. औषधांचा तुटवडा नव्हता असे सरकार म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. औषध खरेदीचे काम २०१७ पासून हाफकिनकडे होते. ते काढून नव्या प्राधिकरणाला द्यायचा कायदाही २०२३ सालचाच. खरेदी करणारा बदलला, पाटी बदलली. तालुक्याच्या कपाटात गोळी पोहोचली का, हे ते कपाट उघडून पाहणाऱ्यालाच कळणार.

सरकार म्हणेल, आम्ही योजना दिली आहे. दिली आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले. दीड लाखाचे संरक्षण २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांवर नेले. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या ऑपरेशनला तिने अनेक घरे वाचवली, हे नाकारणे खोटेपणा होईल. पण ती ठरवून दिलेल्या उपचारांची योजना आहे, यादीतल्या रुग्णालयांत भरती होणाऱ्यासाठी. रक्तदाबाची, साखरेची रोजची गोळी तिच्यात नाही. तापाला दोनदा चिठ्ठी करून आणलेले औषध तिच्यात नाही. घर पोखरते ते या उंदरांनी. (आमदारांच्या आणि माजी आमदारांच्या उपचारांची बिले सरकारी तिजोरीतून भागतात, हे जाता जाता लक्षात असू द्या. त्यांना हा भागाकार कधी करावा लागत नाही.)

अंदाजपत्रकाच्या आकड्यांनाही भुलू नका. "एवढ्या कोटींची तरतूद" असे वर्तमानपत्रात छापून येते. तरतूद म्हणजे पेरणी, खर्च म्हणजे उगवण. पैसा मार्चअखेर परत गेला का, त्यातला औषधांवर किती आणि इमारतीवर किती, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात निघते. तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. आमदाराला विचारा, वाचला का?

आता आपल्या धंद्याचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांचे विशेष तपास पथक नेमले. चर्चा झाली ती मास्क घातला नाही, हातमोजे नव्हते, औषधे मिसळली याची. शास्त्र शिकलेला माणूस म्हणून आम्हीही सांगू की पराटी डोक्याइतकी वाढल्यावर वाऱ्याविरुद्ध फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत. पण विष चढल्यावर पुढचे चार तास शेतकऱ्याच्या हातात नसतात. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस या गटातल्या विषावर ॲट्रोपिन लागते, सुई देणारा आणि रात्रभर जवळ बसणारा डॉक्टर लागतो. रक्तातले कोलिनएस्टरेज मोजले तर विषाचा अंदाज येतो. ही सोय आपल्या ग्रामीण रुग्णालयात आहे का? सर्पदंशाची लस रात्री दोन वाजता आहे का, की जिल्ह्याला न्या म्हणून चिठ्ठी देतात?

हेच विचारायचे आहे. नागपूरचे अधिवेशन हिवाळ्यात भरते, पण प्रश्न त्याच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. म्हणून आजच मसुदा करू. "अमुक ग्रामीण रुग्णालयात मागील तीन वर्षांत सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या मागितल्या, किती मिळाल्या आणि किती दिवस साठा शून्य होता? ॲट्रोपिनबाबत हीच माहिती काय आहे? वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी प्रत्यक्ष हजर किती?" या प्रश्नाला "खरे नाही" असे उत्तर देता येत नाही. त्याला आकडाच द्यावा लागतो. दवाखान्यात सुविधांचा अभाव आहे काय, असा ढगळ प्रश्न दिला की सुटायला वाट मिळते.

एक शंका मघाशी बाहेर कोणीतरी काढली. आपला आमदार सत्तेतला आहे, तो विचारील का? न विचारला तर शेजारच्या मतदारसंघातला विचारील. परिषदेतलेही आमदार आहेत. एकच प्रश्न पाच जणांकडे द्या, कुणी विचारला आणि कुणी खिशात ठेवला ते या अंकात छापू.

तोपर्यंत प्रत्येक गावाने एक काम करायचे. चालू वर्षात गावातून कोण भरती झाले, त्याची वही. दवाखान्याचे नाव, तारीख, केसपेपर, बाहेरून आणलेल्या औषधाची पावती, बाहेर केलेली तपासणी, गाडीभाडे, आणि पैसा कुठून आणला: कापूस विकून, दागिना ठेवून की व्याजाने. आजाराचे नाव सांगायचे नसेल तर कोणी विचारू नये, विशेषतः बायांना. वही शक्यतो बाईच्याच हाती द्या, कारण घरात कुणाला कधी ताप आला हे तिलाच आठवते. पावत्यांच्या झेरॉक्स तालुका कार्यकर्त्याकडे द्यायच्या, मूळ कागद घरी ठेवायचा. पोळ्याच्या आत वह्या जमा झाल्या पाहिजेत. कोणत्या तालुक्यातून किती आल्या ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. आता ज्यांना मसुद्यात भर घालायची आहे त्यांनी बोलावे.