माणूस लिहायचा कसा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दसरा झाला की आमच्या तेलगावच्या चौफुलीवर ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. बीडहून परळीकडं जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडं जाणारा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, काही इथल्याच कारखान्यावर, बाकीची पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत त्यांची नोंद होते ती अशी : इतके कोयते, इतकी उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा.

वहीचं काम हिशेबाचं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण याच माणसांवर कथा किंवा लेख लिहायला बसलेली मंडळीसुद्धा पुष्कळदा वहीसारखंच लिहितात. रापलेला चेहरा, खोल गेलेले डोळे, भेगाळलेल्या टाचा. हे वर्णन सगळ्याच तोडकऱ्यांना लागू पडतं, म्हणून त्यातला एकही ओळखू येत नाही. निबंधाच्या वहीतल्या आईचंही तेच होतं. ती प्रेमळ असते, कष्टाळू असते, पहाटे उठते. चाळीस मुलांच्या चाळीस आया, पण वर्णन एकच. निधनाच्या बातमीत तर प्रत्येकजण मनमिळाऊ असतो!

विशेषण म्हणजे आपला निकाल. वाचकाला साक्षीपुरावा हवा असतो. ‘ती कष्टाळू होती’ असं लिहिलं की विषय तिथंच संपतो. त्याऐवजी समजा असं लिहिलं : ‘तिनं चुंबळ नीट केली, उसाची मोळी डोक्यावर घेतली. ट्रकला लावलेल्या फळीवर चढण्याआधी चपला काढून बाजूला ठेवल्या. अर्ध्या फळीवर थांबून मागचीला म्हणाली, दमानं ये माय, फळी वली हाय.’ इथं कष्ट हा शब्दच नाही. पण बाई दिसली, तिचा आवाज ऐकू आला. ओझं डोक्यावर असताना तिला मागचीची काळजी आहे, हेही न सांगता कळलं. चपला काढून ठेवणं ही बारीक गोष्ट. पण ती जवळ उभं राहून पाहिल्याशिवाय सुचत नाही.

ही रीत काही नवी नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मानला जातो तो ‘लीळाचरित्र’, आणि तो एका माणसाबद्दलच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून विचारलं. स्वामी कुठल्या गावी होते, कोणाशी काय बोलले, काय केलं, अशा लहान लहान प्रसंगांतून ते उभे राहतात. सांगणाऱ्यांच्या आठवणींत फरक पडला, तर तो फरकही त्या परंपरेनं जपला. भक्तांनी भक्तीपोटी केलेलं काम, तरी नुसत्या स्तुतीवर भागवलं नाही. मला याचं फार नवल वाटतं.

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं. दुष्काळी मुलुखातली साधी माणसं त्यात आहेत. माडगूळकर पुढं पुष्कळ वर्षं पुणे आकाशवाणीवर होते, आणि त्यांना चित्रकलेचाही हात होता. चित्रकाराला कोणती रेघ सोडायची ते कळावं लागतं. नाक, कान, कपाळ, सदरा, धोतर असं ओळीनं वर्णन केलं की पंचनामा होतो. एक खूण नेमकी सापडली तर बाकीचा माणूस वाचक स्वतः पुरा करतो.

आणखी एक. माणूस गरीब असला की लिहिणारा त्याचे दोष लपवतो. ही दया असेल, पण तिनं माणूस पुसट होतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. शाळेचं रीतसर शिक्षण नसलेल्या या बाईंनी आपल्या पतीचा, रेव्हरंड टिळकांचा, उदारपणा सांगितला, तसाच तापटपणा आणि विसरभोळेपणाही हसत हसत सांगितला. त्यामुळं टिळक लहान झाले नाहीत. उलट ते घरात वावरताना दिसतात. आमचा तोडकरीही फडात पैज लावतो, मुकादमाची नक्कल करतो, बायकोशी रुसतो. ते लिहायला आपण का कचरावं?

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. हे आकडे हवेतच, त्यांच्याविना सरकार हललं नसतं. पण १३ हजार बायका कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाहीत. एक येते. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर किती पैसे कापले जातील, याचा मनातल्या मनात हिशेब करणारी एक.

मात्र इथं जपायला हवं. तिचं नाव बदललं, गाव बदललं, तरी तेलगावसारख्या गावात आठ दिवसांत सगळ्यांना कळतं की ही कोण. शहरातल्या वाचकाला ती कथा असते, तिला मात्र त्याच मुकादमाकडून पुढच्या साली उचल घ्यायची असते. म्हणून दुखण्याखुपण्याचं, कर्जाचं, घरातल्या भांडणाचं लिहायचं तर आधी विचारावं. ती नको म्हणाली, तर तो भाग कितीही सुंदर उतरलेला असला तरी काढावा.

लिहिलेलं छापायला धाडण्यापूर्वी त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. वाचता येत नसलेला माणूसही ऐकून नेमकं सांगतो. कुठं हसतो, कुठं मान खाली घालतो, ते बघा. ‘रापलेला चेहरा’वर तो काहीच बोलणार नाही. बैलगाडीचा भाग आला की म्हणेल, ‘गुरुजी, बैलांची नावं नाही लिव्हली?’ मग पेन काढा आणि आधी ती नावं विचारून घ्या.