साक्षीदाराची उलटतपासणी

मोटारीच्या डॅशबोर्डवर एखादा पिवळा दिवा अचानक लागला कीं घरांतील माणसें बहुधा दोन प्रकारांनीं वागतात. कांहीं जण त्याच्याकडे काणाडोळा करतात. "गाडी चालते आहे ना? मग झालें!" असें म्हणून ते पुढें जातात. कांहीं जण लगेच पाकीट काढतात आणि "जो भाग बिघडला असेल तो बदलून टाका," असें सांगून मोकळे होतात. पहिल्या वागण्यांत धोका आहे, दुसऱ्यांत फुकटचा खर्च आहे. परंतु दोहोंतही एक उणीव सारखीच आहे. दिवा जो प्रश्न विचारीत असतो त्याचें उत्तर शोधण्याचे कष्ट कोणीच घेत नाहीं.

आजचा विषय अशाच एका दिव्याचा आणि त्याच्यामागें दडलेल्या एका लहानशा भागाचा आहे. या दिव्यावर एका गाडीचें आणि तिच्यामागें उमटलेल्या दोन नागमोडी रेघांचें चित्र असतें. घसरणाऱ्या गाडीला सांवरून धरणारी जी व्यवस्था हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत असते, तिचा हा दिवा. गाडी घसरत असतांना तो क्षणभर लुकलुकला तर व्यवस्था काम करीत आहे असें समजावें. पण तो लागून राहिला, तर व्यवस्थेनें काम सोडलें आहे असें जाणावें.

ही व्यवस्था बॉश आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कारखान्यांनीं मिळून १९९५ सालीं प्रथम मोठ्या व महागड्या गाड्यांत आणली. पुढें ऑक्टोबर १९९७ मध्यें स्वीडनमध्यें मर्सिडीजची ए-क्लास ही लहान गाडी, रस्त्यांत अकस्मात् आलेलें जनावर चुकविण्याच्या परीक्षेंत, उलटली. त्याचा एवढा गाजावाजा झाला कीं त्या कारखान्यानें ही व्यवस्था त्या लहान गाडींतही सरसकट बसविली. यानंतर ती हळूहळू सर्वत्र पसरली. अमेरिकेंत २०१२ च्या नमुन्याच्या गाड्यांपासून व युरोपांत नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारींत ती कायद्यानेंच आवश्यक झाली.

तिचें काम समजण्यास कठीण नाहीं. गाडी कोणीकडे न्यावी असें चालविणाराच्या मनांत आहे, हें एका बाजूस, आणि गाडी प्रत्यक्षांत कोणीकडे वळत आहे, हें दुसऱ्या बाजूस. या दोहोंची तुलना ती क्षणोक्षणीं करीत असते. दोहोंत तफावत पडली तर ती चार चाकांपैकीं नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडीला वाटेवर आणते. गाडी प्रत्यक्ष कशी वळते हें सांगणारे सेन्सर गाडीच्या अंगांत निराळे असतात; चाकांची गति सांगणारे निराळे असतात. परंतु चालविणाराच्या मनांत काय आहे, याची साक्ष देणारा एकच. तो म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालीं, त्याच्या दांड्याभोंवतीं बसविलेला स्टिअरिंग अँगल सेन्सर. चाक मध्यापासून किती अंश फिरलें आहे, एवढेंच तो सांगतो. म्हणून येथें त्याला कोनमापक म्हटलें आहे.

स्टिअरिंगचें चाक एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सुमारें तीन फेरे फिरतें. मग चाक पहिल्या फेऱ्यांत आहे कीं तिसऱ्या, हें कोनमापकाला कसें कळावें? यासाठीं पुष्कळ कोनमापकांत एक सुंदर युक्ति योजिलेली असते. दांड्याबरोबर फिरणारें एक मोठें दांतेरी चाक दोन चिमुकल्या दांतेरी चाकांना फिरवितें. त्या दोहोंच्या दांतांची संख्या सारखी नसते. प्रत्येकावर एक लहान लोहचुंबक बसविलेला असतो व त्याचें तोंड कोणीकडे आहे तें विजेनें वाचलें जातें. समजा, दोन मुलें एकाच वेळीं मोजूं लागलीं. एक सातपर्यंत मोजून पुन्हां एकपासून आरंभ करतो, दुसरा आठपर्यंत. दोघे पुन्हां बरोबरीनें एक म्हणतील ते छप्पन्न अंक संपल्यावरच. म्हणून मध्येंच कोणी ऐकलें कीं पहिला तीन म्हणाला आणि दुसरा पांच, तर मोजणी पंचेचाळिसावर आली आहे हें निश्चित सांगतां येतें. ल.सा.वि. शिकतांना ज्यांनीं "याचा व्यवहारांत काय उपयोग?" असें गुरुजींना विचारलें असेल, त्यांना हें उत्तर आहे.

आतां या साक्षीदारानें खोटी साक्ष दिली म्हणजे काय होतें, तें एका पुणेकर कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहूं. घरांतील वडील माणूस हिशेबखात्यांतून सेवानिवृत्त झालेले; गाडी चालवी ती सून. श्रावणांतील एका दुपारीं शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावरून ती मुलांना घेऊन येत होती. वळण अगदीं सौम्य होतें, ब्रेकवर पाय नव्हता. तरी गाडी क्षणभर एका बाजूस ओढली गेली, जणूं कोणी एकच चाक हातानें धरून ठेवलें. लगेच पिवळा दिवा लागला. जवळच्या एका दुकानांत यंत्र लावून दिवा विझवून देण्यांत आला. चार दिवसांनीं तो पुन्हां लागला, पुन्हां विझविण्यांत आला. तिसऱ्या वेळीं सासरे स्वतः गाडीबरोबर एका जुन्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीनें प्रथम यंत्र लावलेंच नाहीं. त्यानें विचारलें, "काका, गेल्या महिन्यांत गाडीला काय काय केलें?" चांगला वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं पथ्यपाण्याची चौकशी करतो, तसें हें झालें. पुढच्या चाकांची अलाइनमेंट तीन आठवड्यांपूर्वीं करून घेतली होती, असें कळलें. मग त्यानें टायरांतील हवा आणि बॅटरीचा दाब पाहिला. कारण बॅटरी दुबळी असली तरी असले दिवे उगीच लागतात. त्यानंतर यंत्र जोडलें. केवळ इंजिनाची खबर सांगणारें स्वस्त यंत्र येथें उपयोगी पडत नाहीं. ब्रेकच्या व्यवस्थेशीं बोलणारें लागतें. यंत्रानें कोनमापकाचें नांव घेतलें.

"मग बदलून टाका," असें काका म्हणाले.

"काका, यंत्र तक्रार कोणाबद्दल आहे तें सांगतें, गुन्हेगार कोण तें सांगत नाहीं," असें म्हणून मिस्त्रीनें गाडी सपाट जागीं सरळ उभी केली. चाकें सरळ असतां कोनमापकानें शून्याच्या जवळपासचा आंकडा दाखवावयास हवा. येथें तो नऊ अंश दाखवीत होता. अलाइनमेंट करणारानें चाकें सरळ केलीं, पण 'मध्य कोणता' हें कोनमापकाला नव्यानें शिकविलें नव्हतें. मिस्त्रीनें तें शिकविलें. आंकडा शून्यावर आला, दिवा विझला. मजुरी देऊन काका समाधानानें घरीं गेले.

दुसऱ्याच दिवशीं दिवा पुन्हां लागला.

काका रागावूनच आले. "काल बरी झाली म्हणून सांगितलेंत, आणि आज पुन्हां तेंच!"

मिस्त्रीनें शांतपणें ऐकून घेतलें. "काका, काल सांपडलेला दोष खरा होता. पण तो एकटाच नव्हता असें दिसतें. कालची मजुरी पुढच्या कामांत धरूं. आज जरा तुम्हीच हा पडदा पाहत बसा."

त्यानें स्टिअरिंग अगदीं सावकाश एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरविलें. डावीकडे आंकडा पायरी पायरीनें वाढत गेला. उजवीकडे मात्र एकशें चाळीस अंशांच्या सुमारास तो एकदम सातशेंच्या वर उडाला व लगेच खालीं आला. पुन्हां फिरविलें, त्याच जागीं तेंच. असें पांच वेळां करून पाहिलें. मग त्यानें चाक स्थिर ठेवून तारांचा जोड हलवून पाहिला. आंकडा ढळला नाहीं. कोनमापकाला मिळणारी वीज मोजली. ती पुरेशी होती. आंकडा मुळींच येत नसता, तर बॅटरी सोडवून संदेश नेणाऱ्या दोन तारांमधील रोध त्यानें मोजला असता. त्या जोडीच्या दोहों टोंकांस एकशें वीस ओहमांचे दोन रोध जोडलेले असतात, म्हणून मापकावर साठ ओहम यावयास हवेत. येथें ती गरजच पडली नाहीं. तारा निर्दोष, वीज निर्दोष, मध्य शिकविलेला, आणि चूक प्रत्येक वेळीं त्याच कोनांत. आतां कोनमापकच सदोष आहे, असें म्हणण्यास आधार मिळाला.

परंतु नवा भाग येण्यास आठवडा लागणार होता, आणि गणेशचतुर्थी तीन दिवसांवर आली होती. काकांचें मूळ घर चिपळुणाजवळचें. वाट पाटण, कोयनानगर व कुंभार्ली घाटांतून जाणारी. पाऊस धो धो कोसळत होता. घरचा गणपति चुकविणें काकांच्या मनाला पटेना. ते हळूच म्हणाले, "तूर्त दिवा विझवून द्या. आल्यावर भाग बदलूं."

मिस्त्री म्हणाला, "दिवा विझविणें दोन मिनिटांचें काम आहे, काका. पण भाग पूर्ण मेला असता तर एवढें भय नव्हतें. मेलेला साक्षीदार बोलत नाहीं; मग व्यवस्था आपण होऊन बाजूस बसते आणि गाडी जुन्या काळच्या गाडीसारखी चालते. हा अर्धवट जिवंत आहे. तो खोटें बोलतो आणि व्यवस्थेला तें पकडेपर्यंत खरें वाटतें. तुमच्या सूनबाईंची गाडी ओढली गेली ती त्याच क्षणीं. सपाट रस्त्यावर निभावलें. घाटांत उजव्या वळणावर तसें झालें तर?"

काका कांहीं बोलले नाहींत. घरीं येऊन त्यांनीं सर्व हकीकत सांगितली. सुनेनें ऐकून घेतलें व एवढेंच म्हटलें, "बाबा, मुलांना घेऊन मी ही गाडी घाटांत नेणार नाहीं." त्या वर्षीं सारें कुटुंब स्वारगेटवरून एस्टीनें चिपळूणला गेलें. बसायला जागा अपुरी, मांडीवर मोदकपात्र, मुलांची कुरकुर. काकांनीं वाटभर मिस्त्रीला दोष दिला. पण गणपति वेळेवर बसला.

परत आल्यावर भाग बदलण्याचें काम झालें. तें दिसतें तितकें सोपें नव्हे, कारण कोनमापक असतो तो स्टिअरिंगच्या मध्यांतील हवेच्या उशीच्या, म्हणजे एअरबॅगच्या, मागें. तिच्यांत स्फोटक द्रव्य असतें. म्हणून मिस्त्रीनें चाकें सरळ करून प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली आणि कारखान्याच्या पुस्तकांत सांगितलेला वेळ संपेपर्यंत कशालाही हात लावला नाहीं. एअरबॅग काढून ती तोंड वर करून दूर ठेवली. तिच्या तारांना त्यानें रोधमापक लावला नाहीं; तेवढी वीजही ती फोडण्यास पुरे होऊं शकते. मग स्टिअरिंगचें चाक व दांडा यांवर एकाच रेषेंत खूण करून मधला बोल्ट सोडविला. पुष्कळ गाड्यांत कोनमापकाला लागूनच, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक चपटी तार असते. एअरबॅगकडे वीज नेणारी ती हीच. ती मध्यावरून सरकली तर पुढें एखाद्या वळणावर ताणली जाऊन तुटते. म्हणून ती हलूं न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. नव्या भागावर ती मध्यावर राहावी म्हणून खुंटी बसविलेली असते. भाग जागीं पक्का होईपर्यंत ती काढावयाची नसते. शेवटीं खुणेवर खूण जुळवून चाक बसविलें, नवा बोल्ट पुस्तकांत दिलेल्या जोरानें आंवळला आणि सर्व जोड लावल्यावरच बॅटरी जोडली.

एवढ्यानें काम संपलें नव्हतें. नवा साक्षीदार अजून घराला परका होता. मिस्त्रीनें गाडी सपाट जागीं सरळ उभी करून त्याला मध्य शिकविला, जुन्या तक्रारी पुसल्या आणि स्टिअरिंगवर सुनेलाच बसविलें. "ताई, तुम्हीच फिरवा, आणि काका, तुम्ही वाचा." काकांनीं चष्मा पुसून आंकडे मोठ्यानें वाचले. एकशें तीस आला, एकशें चाळीस आला, एकशें पन्नास आला. कोठें उडी नव्हती. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी हिंडवून आणली. दिवा लागला नाहीं. कालच्या, म्हणजे त्या पहिल्या दिवसाच्या, मजुरीची वजावट मिस्त्रीनें स्वतःच बिलांत दाखविली होती. काकांनीं ती पाहिली, हिशेब तपासला, आणि पूर्ण रक्कम त्याच्या हातावर ठेवली.

ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनीं या कामाचीं हत्यारें बाळगावींत असें मुळींच नाहीं; एअरबॅगजवळचें काम जाणत्या हातांनींच करावें. परंतु कारागिराला तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मध्य नव्यानें शिकवून पाहिला काय? चाक सावकाश फिरवितांना आंकडा कोठें उडतो, तें दाखवाल काय? तारा आणि वीज तपासली काय? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर खर्चाला मागेंपुढें पाहूं नये. आणि तीं मिळेपर्यंत, दिवा नुसता विझवून देणाराचे आभार मानून, घाटाची वाट धरूं नये.