तबकडीची मागची बाजू



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय यावयाचे. त्यांच्या पंक्तीला इंग्लंडातल्या चार केसाळ तरुणांच्या गाण्यांच्या तबकड्या आणून बसवणे काहींना रुचणार नाही. बीटल्स या चौकडीचे संगीत आपल्याला आवडावे असा माझा आग्रह नाही. मला स्वतःला त्यातले निम्मे कळत नाही. परंतु त्यांच्या तबकड्या जमविणाऱ्या लोकांनी जुन्या आवाजाविषयी जी दक्षता दाखविली, ती आपण आपल्या गाण्यांविषयी दाखविली आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. जुनी तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, चावीच्या फोनोवर वाजणारी, ही मुख्यतः लाखेची. लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे सुती तंतू यांचा लगदा तापवून ती दाबली जाई. जगाला ही लाख पुरवी तो बहुतांशी आपला देश, आणि लाखेचा किडा राहतो पळसावर, बोरीवर आणि कुसुंबाच्या झाडावर. मौद्याहून पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या रानात फाल्गुनात जो पळस पेटलेला दिसतो, त्याच्याच जातीच्या झाडांवरचा हा माल. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आयात आटली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेत तिच्या वापरावर निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या गोळा करून वितळविण्यात आल्या. त्या भट्टीत किती आवाज गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

युद्धानंतर विनाइलची हलकी, न फुटणारी तबकडी आली. तिच्यातली सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, पुढच्या बाजूला एक व मागच्या बाजूला एक गाणे असलेली जी तबकडी, तिला ‘सिंगल’ म्हणतात. इंग्लंडात १९६० च्या सुमारास लाखेची तबकडी बंद झाली. आपल्याकडे मात्र खेड्यापाड्यांत वीज नव्हती, चावीचे फोनो होते. म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणीसुद्धा ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघत राहिली. आज जगभरचे संग्राहक या भारतीय तबकड्यांसाठी मोठी किंमत मोजतात. आपल्या घरांतून त्या रद्दीच्या भावाने गेल्या असतील, तर त्यात नवल नाही.

आता पुनर्मुद्रणाकडे वळू. १९७६ मध्ये कंपनीने इंग्लंडात या मंडळींच्या बावीसही सिंगल तबकड्या, आणि त्यांच्या जोडीला आणखी एक, अशा तेवीस एकदम पुन्हा बाजारात आणल्या. सामान्य श्रोत्याला वाटले, चला, जुने सर्व हाती आले. संग्राहकाला तसे वाटले नाही. त्यांची पहिली तबकडी ‘लव्ह मी डू’ ५ ऑक्टोबर १९६२ ची. ते गाणे एकाच महिन्यात, सप्टेंबरात, दोनदा मुद्रित झालेले. ४ तारखेला ड्रमवर त्यांचा स्वतःचा वादक रिंगो स्टार होता. ते वादन मुद्रणाच्या प्रमुखाला पसंत पडले नाही. ११ तारखेला अँडी व्हाइट नावाचा भाड्याचा वादक बोलावला गेला आणि रिंगोच्या हाती खंजिरी आली! पहिल्या तबकडीवर रिंगोचे वादन गेले; पुढच्या छपाईत कंपनीने व्हाइटचे घातले. नाव तेच, गाणेही तेच. वाद्य मात्र दुसऱ्याच्या हातचे. मधल्या काळात रिंगोच्या वादनाची मूळ फीतच नाहीशी झाली. १९८२ मध्ये वीस वर्षे पुरी झाल्याच्या निमित्ताने ते मुद्रण पुन्हा काढावयाचे ठरले, तेव्हा ते एका जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावे लागले. ज्या कंपनीने गाणे घडविले, तिच्याजवळ ते नव्हते; कोणीतरी पाकिटात जपून ठेवलेल्या सात इंची चकतीत ते होते.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची आहे. जानेवारी १९६८ मध्ये या चौकडीतला जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि फोर्टातल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याने काही दिवस मुद्रण केले. तिथे ‘द इनर लाइट’ या गाण्याचा सारा वाद्यमेळ मुद्रित झाला. सरोद आशिष खाँची, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, सनई हनुमान जादेव यांची, पखवाज महापुरुष मिश्रांचा, हार्मोनियम रिजराम देसाद यांची. शब्दांवर छाया चीनच्या ताओ-ते-चिंगची. हॅरिसनने आपला आवाज पुढे लंडनला घातला. हे गाणे मार्च १९६८ मध्ये निघाले ते सिंगलच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला ‘लेडी मॅडोना’. मोठ्या बारा इंची तबकड्यांपैकी एकीवरही ते घेतले गेले नाही. १९७८ च्या एका संग्रहात त्याला प्रथम जागा मिळाली. म्हणजे दहा वर्षे, ज्याने केवळ मोठ्या तबकड्या जमविल्या त्याच्या कपाटात चौरसियांची ही बासरी नव्हती. ज्याने ती लहान तबकडी ठेवली त्याच्याजवळ होती. १९७६ च्या पुनर्मुद्रणाच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने तबकडी पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंसह, जशी होती तशी काढली. निवडक गोड गाण्यांची मोळी बांधली नाही.

आपल्याकडे मात्र मोळ्याच फार बांधल्या गेल्या. ज्या स्टुडिओचे नाव मी आता घेतले, त्याच एच.एम.व्ही.त आपले गोविंदराव जोशी १९३८ पासून मुद्रणाचे काम पाहत. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची गाजलेली तबकडी त्यांच्याच प्रयत्नाची. त्याच्या आधी ते नागपुरात वकिली करीत. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गाऊन तबकडीवर दिली आणि मराठी भावगीताचा प्रवाह तेथून वाहू लागला, असे जाणकार मानतात. विदर्भाचा कवी आणि विदर्भाचा गायक! पण या तबकडीच्या मागे काय होते, असे विचारले तर सभागृहातले किती हात वर होतील?

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभर छप्पन्न गीते चालली. त्या मूळ प्रसारणात निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे कंठ होते. सीतेचा आवाज माणिक वर्मांचा. पुढे तबकड्या निघाल्या त्यांत सुधीर फडकेच गायले, आणि महाराष्ट्राच्या कानात गीतरामायण म्हणून तेच बसले. बाबूजींच्या गाण्याला उणे लेखावे असा माझा हेतू मुळीच नाही. तथापि दुसरी आवृत्ती इतकी गोड निघाली की पहिली कशी होती हे विचारण्याची गरज लोकांना वाटेनाशी झाली, हेही खरे. मग १९८० च्या दशकात कॅसेट आल्या. ज्या गाण्याला खप ते उचलायचे आणि तबकडीची दुसरी बाजू सोडायची, हा त्यांचा व्यवहार होता. २०१७ मध्ये निघालेल्या कारवाँसारख्या पेटीत हजारो गाणी अगोदरच भरलेली मिळतात. आजोबा-आजीला ती दुपारची सोबत करते, त्यांचे सुख मी हिरावू इच्छीत नाही. परंतु ती गाणी निवडली दुसऱ्याच कोणीतरी, आणि मूळ तबकडीचा क्रमांक व तिची जोडीदार बाजू त्यात गळून जाते.

म्हणून आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. कवितेचा आणि चालीचा हक्क निराळा, त्याची मुदत वेगळी मोजतात. तबकडी कोणती आहे हे नुसत्या चिठ्ठीवरून ठरवू नये. चिठ्ठीच्या कडेला गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली बारीक अक्षरे असतात. ती मुद्रणाची खूण. पुढच्या छपाईत मुद्रण बदलले असेल तर बहुधा तिथेच कळते. दोन्ही बाजूंचे आकडे वहीत उतरवून ठेवावेत. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, आणि आपल्याकडचा वैशाख लक्षात घेता पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नकोत. विनाइल त्या उन्हात पापडासारखे वळते. लाखेच्या तबकडीला स्पिरिटचा बोळा कधी लावू नये, कारण लाख स्पिरिटात विरघळते. किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. चावीच्या फोनोची पोलादी पिन दर बाजूला बदलावी, आणि लाखेच्या तबकडीवर लाँगप्लेची बारीक सुई टेकवू नये. शक्य तर पहिल्याच वेळी, वाजवीत असतानाच, दोन्ही बाजूंची प्रत उतरवून घ्यावी, मागच्या बाजूची आधी.