व्रण तिचा, नोंदही तिचीच



वर्षभराच्या प्रगतीचा आढावा आपल्या अधिवेशनाच्या अध्यक्षाने घ्यावा, असा रिवाज आहे. परंतु पहिल्याच आकड्यापाशी माझे पाऊल अडले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, आणि खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. या शस्त्रक्रिया किती व्हाव्यात यावर आपण पुष्कळ भांडलो. ज्या झाल्या त्यांत आपण काय केले आणि काय पाहिले, याची नीट नोंद त्या बाईच्या हाती का नसते, हा सवाल मात्र मी अनेक वर्षे मनात बाळगून आहे, आणि आज तोच मांडणार आहे.

पहिली गोष्ट छेदाची. कातडीवरचा आडवा वण पाहून गर्भाशयावरील छेदही आडवाच असेल असे गृहीत धरणे घातक आहे. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागातील आडव्या छेदाचा आग्रह धरला, तो पुढे सर्वत्र रूढ झाला, आणि नंतरच्या बाळंतपणात वण फाटण्याचे भय पुष्कळ ओसरले. तथापि दिवस फार अपुरे असताना किंवा मूल आडवे असताना कधी उभा छेद घ्यावाच लागतो, आणि बाहेरचा वण त्याविषयी चकार शब्द काढीत नाही.

छेदाप्रमाणेच आत काय चिकटले आहे, हेही बाहेरून कळत नाही. उदराचे आतले आवरण शिवावे की तसेच सोडावे, यावर काल या मंडपात खडाजंगी झाली. दोन्ही रीतींनी मी मिटवलेली उदरे पुढच्या खेपेस मीच उघडली आहेत, आणि दोन्हींत काही स्वच्छ तर काही जखडलेली आढळली. म्हणून माझा कौल असा की, टाक्याहून हात निर्णायक. दुखावलेल्या आवरणावर फायब्रिनचा थर जमतो आणि शरीर तो काही दिवसांत विरघळवते. पण कोरड्या फडक्याने घासलेल्या, करकचून टाके घालून रक्तपुरवठा तोडलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या जागी तो विरघळत नाही, त्यात तंतू व रक्तवाहिन्या शिरतात, आणि चिकटलेले कायमचे चिकटते.

ऊसतोडणीच्या हंगामात मध्यरात्री तिसऱ्या बाळंतपणासाठी आणलेली एक बाई मला आठवते. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या तिच्या कार्डावर ‘दुसरे सिझर, मुलगी, प्रकृती ठीक’ एवढीच अक्षरे होती. आत वपा, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, पोटाच्या भिंतीला चिकटलेली, आणि मूत्राशय गर्भाशयावर इतका वर ओढला गेलेला की, नेहमीच्या जागी सुरी लावली असती तर प्रथम तोच कापला जाता. कात्रीच्या टोकाने तसूतसू सोडवीत आम्ही मूल बाहेर काढले, दोघेही वाचली. परंतु दुसऱ्या वेळी ज्याने ते पोट उघडले, त्याने यातले काहीच पाहिले नसेल, हे मला पटत नाही. त्याने लिहिलेल्या दोन ओळी आमच्या हाती असत्या, तर त्या बाईला दिवस भरण्याआधीच रक्ताची व अनुभवी हातांची सोय असलेल्या ठिकाणी पाठवता आले असते.

हे चिकटणे पुढच्या शस्त्रक्रियेपुरतेच छळत नाही. ‘डॉक्टरबाई, आतून ओढल्यासारखं होतं’ असे सांगणाऱ्या किती जणींना आपण सोनोग्राफी निर्दोष म्हणून मनाचे खेळ ठरवून परत धाडले! चिकटलेली आतडी सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत, हे आपण सारे जाणतो.

मग आतले सांगणारी उरते ती शस्त्रक्रियेची नोंदच. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाचे दप्तर तीन वर्षे जतन करावे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावे लागते. ज्या बाईला मागण्याचा हक्कच ठाऊक नाही, आणि जिचे पुढचे बाळंतपण चौथ्या वर्षी येते, तिला या कलमाचा उपयोग काय? छेद कोणता, काय चिकटलेले आढळले, पुढे काय जपावे, हे सांगणारा मराठीतला एकपानी कागद तिला न मागता मिळाला पाहिजे. अशा कागदाने खटले वाढतील, असे भय काही मित्र बोलून दाखवतात. त्यांना माझे उत्तर असे की, जे पाहिले ते लिहायला आपण कचरत असू, तर पुढच्या शल्यविशारदाच्या हवाली तिला अंधारात करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? या अधिवेशनाने दुसरा कोणताही ठराव केला नाही तरी चालेल. हा कागद देण्याचा एक मात्र करावाच.