‘मायनर’ : एक शब्द, अनेक वाटा



आपण वारंगा फाट्याची माणसे. रस्ता एक असतो, पण फाट्यावर येताच त्याच्या वाटा होतात, हे आपल्याला समजावून सांगायला नको. इंग्रजी शब्दांचेही असेच आहे. आज ‘मायनर’ या एकाच शब्दाच्या वाटा पाहू.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ ‘लहान’ नव्हे, तर ‘अधिक लहान’. म्हणजे कोणाच्या तरी तुलनेत लहान. ‘मायनस’ आणि ‘मिनिमम’ ही त्याचीच भावंडे. गंमत म्हणजे ‘मिनिस्टर’ही याच घराण्यातला, त्याचा मूळ अर्थ सेवक. उलट ‘मास्टर’ हा ‘अधिक’ या अर्थाच्या शब्दापासून आला. तेव्हा निदान व्युत्पत्तीपुरता तरी मास्तर मिनिस्टरपेक्षा मोठा!

आता वापर पाहा. इसापूर धरणाचे पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत आणि तिथून ‘मायनर’मध्ये येते. इथे मायनर म्हणजे छोटा कालवा. डॉक्टर ‘मायनर ऑपरेशन’ म्हणतात, तेव्हा अर्थ किरकोळ. महसूल खात्याचे ‘मायनर मिनरल’ म्हणजे वाळू-मुरुमासारखे गौण खनिज. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) कॉलेजच्या विद्यार्थ्याला ‘मेजर’ म्हणजे मुख्य आणि ‘मायनर’ म्हणजे जोडीचा विषय घ्यावा लागतो. खाणीत काम करणारा ‘मायनर’ मात्र वेगळा. उच्चार तोच, स्पेलिंग निराळे. विद्यार्थ्यांनी इथे सावध राहावे.

‘मायनॉरिटी’लाही दोन वाटा. एक अल्पवयीनता, दुसरी अल्पसंख्या. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा हक्क दिला, तो दुसऱ्या अर्थाने. इथे प्रश्न फक्त संख्येचा आहे, योग्यतेचा नाही. महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी भाषिक कर्नाटकात अल्पसंख्याक ठरतो. तुलना बदलली की शब्द बदलतो.

पालकांनी नीट ऐकावा असा अर्थ कायद्याचा आहे. १८७५ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल मायनर. आपल्या बोलीत नाबालिग, सरकारी मराठीत ‘अज्ञान’. त्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही. सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ लागते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल १८ वर्षांचे झाले तरी हा शेरा आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो. बँकेतील मायनर खात्याचेही तसेच. अठरा पूर्ण होताच नवी सही आणि ओळखपत्रे द्यावीत, नाहीतर शिष्यवृत्तीची रक्कम काढताना धावपळ होते. लग्नासाठी २००६ च्या कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षांची अट आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या फाट्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात, आणि त्याच रस्त्यावर आपली आठवी-नववीची मुले मोटारसायकली पळवतात. पालक म्हणतात, “जवळच तर जायचे आहे.” मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीनाने असा गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलगा मायनर असतो, गुन्हा मायनर नसतो. आणि अपघात झाला, तर दंडाची गोष्टच उरत नाही.

मित्रहो, फॉर्मवर ‘मायनर’ शब्द दिसला, तर आधी आजूबाजूचे शब्द वाचा, मग सही करा. अर्थ एकट्या शब्दात नसतो, तो शेजारच्या शब्दांवरून ठरतो. डिक्शनरी उघडली तर पहिल्या अर्थावर थांबू नका. कायद्याचे अज्ञानपण अठराव्या वाढदिवशी संपते. दुसरे अज्ञान मात्र वाचल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय जात नाही. त्यासाठीच ही शाळा आहे.