चाचांचा क्लॅरोनेट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘माझी आवडती गाणी’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी घरी बसून कागदावर एक यादी केली. यादी पूर्ण झाली आणि माझ्या लक्षात एक गंमत आली. यातलं एकही गाणं मी पहिल्यांदा गायकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. रेडिओवर नाही, टॉकीजमध्येही नाही. सगळी गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या मोहल्ल्यातल्या बँडकडून. शब्द नंतर आले, आधी सूर आला. म्हणून आज मी माझ्या आवडत्या गायकांबद्दल न बोलता त्या बँडबद्दल बोलणार आहे.

आपल्या खान्देशात बँडचं काय स्थान आहे, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. लग्न ठरलं की पहिला प्रश्न, ‘बँड कोणता सांगितला?’ चांगल्या तिथीची सुपारी महिनोन् महिने आधी द्यावी लागायची. प्रसंगी मुहूर्त पुढे जाईल, पण बँड तोच पाहिजे, असं म्हणणारे वरबाप मी पाहिले आहेत.

आमचा बँड चौदा-पंधरा जणांचा होता. बहुतेक सगळे आमच्याच गल्लीतले. लाल कोट, सोनेरी झालर आणि पायात मात्र स्लीपर. लगनसराई संपली की हेच लोक पंक्चर काढायचे, शिलाई मशीन चालवायचे, केळीच्या ट्रका भरायचे. क्लॅरोनेट वाजवणारे चाचा आमच्या घरासमोर राहायचे. ते पिंजारी. दसऱ्यानंतर थंडीची चाहूल लागली, की खांद्यावर पिंजण टाकून दारोदार जायचे आणि गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. पिंजणाच्या तातीचा तो ‘धुन् धुन्’ आवाज आणि संध्याकाळी ओसरीवर क्लॅरोनेटचा रियाज, हे दोन आवाज माझ्या लहानपणाचे आहेत. दिवसभर नाकातोंडात गेलेला कापूस खोकून काढायचा, मग वाद्य ओठाला लावायचं, असा त्यांचा क्रम.

चाचांना नोटेशन वाचता येत नव्हतं. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली, की ओसरीवर सगळा बँड जमायचा. त्या वेळी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. कुठलं गाणं वर चढतंय, हे बघूनच पुढच्या लग्नांची तयारी व्हायची. गाणं संपलं की चाचा डोळे मिटून बोटं हलवायचे. दोनतीन बुधवारांत ते गाणं त्यांच्या बोटांत यायचं.

आता यादीतली गाणी सांगतो.

पहिलं, ‘सूरज’ या १९६६च्या चित्रपटातलं, नवरदेव घोड्यावर बसला की वाजणारं. रफीसाहेबांचा आवाज, हसरत जयपुरींचे शब्द आणि शंकर-जयकिशन यांचं संगीत. रफीसाहेब आणि हसरत यांना या गाण्यासाठी, तर शंकर-जयकिशन यांना चित्रपटाच्या संगीतासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे मला कळलं, की ही चाल शिवरंजनीच्या अंगाची आहे. शिवरंजनी हा काही हसतखेळत गाण्याचा राग नाही, त्यात एक कळ आहे. पण आपल्या लोकांनी हेच गाणं आनंदाच्या प्रसंगाला निवडलं. नवरदेवाची आई या गाण्याला डोळे का पुसते, हे लहानपणी मला कळायचं नाही. शिवरंजनीचं कळलं आणि थोडा उलगडा झाला.

दुसरं गाणं म्हणजे ‘नागिन’मधली पुंगी. चित्रपट १९५४चा, संगीत हेमंतकुमारांचं. ती पुंगी खरी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर ती वाजवली आणि सोबत हार्मोनियमवर रवी होते. चाचा ती क्लॅरोनेटवर वाजवत. म्हणजे पुंगीची नक्कल एका विलायती वाद्याने केली आणि त्या नकलेची नक्कल आमच्या पिंजाऱ्याने. तरी वऱ्हाडातला एखादा मामा तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळलाच पाहिजे. एका लग्नात तर असा मामा लोळत लोळत गटारीपर्यंत गेला, पण चाचांनी सूर सोडला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत मी बँडबरोबर जायचो. माझं काम खुळखुळा धरण्याचं आणि सामानावर नजर ठेवण्याचं. धुळ्याकडची सुपारी असली की एसटीने एरंडोल, पारोळा करत जायचं. ढोल टपावर आणि क्लॅरोनेट चाचांच्या मांडीवर. धुळ्याकडे गेलं की भाषा बदलायची. आमच्या जळगावकडे तावडी कानावर पडते, तिकडे अहिराणी. लोक नोट ओवाळत म्हणायचे, ‘चाचा, आते कानबाईनं गानं वाजाडा!’ नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, रोट होतात आणि सोमवारी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं. त्या मिरवणुकीत बायका बेभान होऊन नाचतात. त्या नाचाला सूर धरणारे चाचा पाच वेळचे नमाजी होते. यात काही विशेष आहे असं त्यांनाही वाटायचं नाही आणि नाचणाऱ्यांनाही नाही. वाटेत मशीद आली की मास्तर हात वर करायचे, बँड वीस पावलं मुका चालायचा आणि पुढे गेल्यावर गाणं सोडलं तिथूनच उचलायचा. कुणी फर्मान काढलेलं नव्हतं.

हे सारं सोपं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. धुळ्यातला जो मानाचा गणपती ‘खुनी गणपती’ म्हणून ओळखला जातो, त्याचं नावच १८९५ साली मशिदीसमोर मिरवणुकीवरून झालेल्या रक्तपाताची आठवण आहे. आज त्याच मशिदीपुढे मुस्लिम बांधव त्याच्या पालखीवर फुलं उधळतात. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावरच्या. २००८ साली आणि २०१३ साली त्याच धुळ्याने दंगलही पाहिली. लोक एकमेकांशी बोलेनासे झाले, की बँडवाल्याला ते सुपारीच्या वहीतच दिसतं.

तिसरं गाणं माझ्या धंद्याशी संबंधित आहे. पंगत बसली की चाचा एक संथ चाल वाजवायचे. मला ती फार आवडायची, पण कशाची आहे ते माहीत नव्हतं. पुढे शाळेत बहिणाबाईंची कविता शिकवायला घेतली. बाईंनी ती चालीवर म्हणून दाखवली आणि मी बाकावरून उठूनच उभा राहिलो. ही तर आमची पंगतीची चाल! ‘मानिनी’ या १९६१च्या चित्रपटात बहिणाबाईंची संसारावरची कविता वसंत पवारांनी स्वरबद्ध केली आणि सुमन कल्याणपूर यांनी गायली, हे मला नंतर कळलं. बहिणाबाई आमच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता इतरांनी कागदावर उतरवून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांची कविता मला प्रथम ऐकवली, तीही नोटेशन न येणाऱ्या माणसाने. मी मराठीत कविता का लिहितो, असं मला पुष्कळदा विचारतात. माझं उत्तर हे आहे.

आता चौथं गाणं. हे सांगताना मला थोडं जड जातं.

‘नीलकमल’ हा चित्रपट १९६८चा. त्यातलं मुलीच्या पाठवणीचं गाणं साहिरचं, संगीत रवी यांचं, आवाज रफीसाहेबांचा. चाचांचं हे खास गाणं. मांडवात मुलगी बापाच्या गळ्यात पडली, की बाकीची वाद्यं थांबायची आणि एकटा क्लॅरोनेट सुरू व्हायचा. शेकडो दारांत त्यांनी ते वाजवलं असेल.

१९९१ साली चाचांच्या मुलीचा निकाह ठरला. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली. त्या काळात निकाह साधेपणाने व्हावा, वाजंत्री नको, असा आग्रह वाढत होता. ती माणसं वाईट नव्हती. लग्नापायी कर्जात बुडालेली घरं त्यांनी पाहिली होती आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं. पण इथे बँडला पैसे द्यायचेच नव्हते. साथीदार आपणहून येणार होते. चाचांची इच्छा एवढीच होती, की पाठवणीच्या वेळी ते एक गाणं वाजवावं. मी नुकताच बी. ए. झालेलो. गल्लीतला शिकलेला मुलगा म्हणून मलाही बोलावलं होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नवीन नवीन मिळालेला मान मला सोडवला नाही.

निकाह शांततेत पार पडला. बँडचे चौदाही जण साध्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी येऊन उभे राहिले. मुलगी निघाली तेव्हा चाचा दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांची बोटं चौकटीवर हलत होती. कोणतं गाणं चाललं होतं, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. चार दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात त्यांनी तेच गाणं वाजवलं. मला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. पुढे माझा पहिला कवितासंग्रह निघाला, तेव्हा पेढे घेऊन आले.

दरम्यान बँडचा जमाना बदलला. आधी कॅसिओ आला, मग ऑक्टोपॅड, मग कर्ण्यांनी सजवलेली गाडी आणि शेवटी डीजे. रात्री दहानंतर वाद्यं बंद ठेवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा निकाल आहे, पण छातीत धडकी भरवणाऱ्या आवाजाला दिवस काय आणि रात्र काय! चाचांचा दम कमी झाला होता, काही कापसाने आणि काही वयाने. २०११ साली ते गेले. आज त्यांचा नातू बँडच्या गाडीवर कॅसिओ वाजवतो. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा अख्खा हंगाम त्याने भाजीची गाडी लावून काढला. आता त्याला पुन्हा तारखा आहेत. यूट्यूबवर कोट्यवधी लोक पाहतात ती अहिराणी गाणी तो झकास वाजवतो. खान्देशची बोली जगभर नाचते आहे, याचा मला आनंदच आहे.

माझ्या मुलीचं लग्न २०१८ साली झालं. पुन्हा तीच बैठक, तेच म्हणणं. या वेळी मी बोललो. म्हटलं, ‘जेवण साधं, मांडव साधा, देणंघेणं काही नाही. पण एक गाणं वाजेल.’ नातवाला विचारलं, ‘आजोबांचा क्लॅरोनेट आणशील?’ तो म्हणाला, ‘काका, तो पेटीत आहे. पण फुंकायचा कसा ते कुणाला येत नाही.’ मग त्याने कॅसिओवर क्लॅरोनेटच्या आवाजाचं बटण दाबलं आणि ते गाणं वाजवलं. सूर बरोबर होते. मधे श्वास घ्यायला थांबणं तेवढं नव्हतं.

चाचांची मुलगी बायकांत बसली होती. गाणं संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘भाईजान, उस दिन भी एक लफ्ज़ बोल देते.’

श्रोतेहो, मी आयुष्यभर शब्दांचंच काम केलं. पण जिथे एक शब्द हवा होता, तिथे तो माझ्याकडून निघाला नाही. पुढे लिहिलेल्या कवितांनी ती जागा भरत नाही. चाचांचा क्लॅरोनेट आता माझ्याकडे आहे. नातवानेच आणून दिला. त्यातून अजून नीट सूर निघत नाही, नुसती हवा जाते. पण एका निवृत्त बँडवाल्याकडे मी रविवारी सकाळी शिकायला जातो. बहुधा आयुष्यात एकच गाणं येईल. मला तेवढंच शिकायचं आहे.